ओस पडलेल्या फवारणी-विमानतळाचा सदुपयोग कसा करावा

सोव्हिएत काळात कापसाच्या शेतांवर फवारणी करण्यासाठी उझबेकिस्तानात जे लहान विमानतळ बांधले गेले, त्यांपैकी एखादा तुमच्या वाट्याला आला असेल, तर प्रथम तुमचे अभिनंदन. जमीन सपाट, काँक्रीट आयते आणि विचारणारा कोणी नाही. याहून अधिक भाग्य ते कोणते?

विमानतळ बंद कसा पाडावा, याची चिंता तुम्हाला करायची नाही, कारण ते काम इतिहासाने निगुतीने उरकले आहे. 31 ऑगस्ट 1947 रोजी प्रथम उडालेले अंतोनोव्ह एएन-2 हे हजार अश्वशक्तीच्या एकाच इंजिनाचे विमान एअरोफ्लोट या सोव्हिएत सरकारी विमान कंपनीच्या छत्राखाली वर्षानुवर्षे शेतांवर घिरट्या घालत राहिले आणि खर्चाचा हिशेब सरकारी योजनेत कुठेतरी जुळत राहिला. 1991 मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही, हिशेब जुळेना, विमानासाठी लागणारे पेट्रोल परवडेना आणि धावपट्टीवर गवत माजले. त्यानंतर पत्रे, तारा, पाइप आणि दारे-खिडक्या घरी नेण्याचा कार्यक्रम आपोआप सुरू होतो. त्यासाठी कोणत्याही समितीची आवश्यकता भासत नाही, हे लोकशक्तीचे सुंदर उदाहरण होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. विमानतळाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे धावपट्टी, अशी अनेकांची समजूत असते. जाणत्याने मात्र धावपट्टीच्या टोकाशी, जिथे कीटकनाशके साठवली, कालवली आणि विमानाच्या टाकीत भरली जात, तिथे आधी पोहोचावे. पोती फाटत, पिंपे गळत, टाक्या धुतलेले पाणी तिथेच मुरत असे. त्यामुळे त्या कोपऱ्यातील मातीत डीडीटीसारखी औषधे आजही टिकून असण्याची शक्यता मोठी आहे, आणि एवढा टिकाऊपणा हल्लीच्या कोणत्या बांधकाम साहित्यात सापडतो? त्याच सोव्हिएत जमान्यात, यंत्राने कापूस वेचता यावा म्हणून झाडांची पाने गाळणारे ब्युटिफॉसही विमानातून फवारले जाई. 1980 च्या दशकात त्यावर बंदी आली, ही सरकारची नाहक घाबरट वृत्ती म्हणायची. (विमानाखाली कापूस वेचायला शेतात उभ्या असलेल्यांना त्याबाबत कोणी विचारले नव्हते, त्यामुळे त्यांचे मत नोंदवता येत नाही.)

तेव्हा तिथल्या फरशा उखडून घराच्या पायात घालाव्यात, पत्र्याच्या पिंपात पाणी साठवावे, आणि उरलेल्या मोकळ्या जागेत गाय चरायला सोडावी. डीडीटी चरबीत साठते आणि दुधातून उतरते; म्हणजे जुन्या पंचवार्षिक योजनेचा लाभ नव्या पिढीला कसलाही अर्ज न करता मिळतो.

एवढे करून कोणी शंका काढलीच, तर नोंदवहीत त्या जागेचा उल्लेख केवळ ‘शेतजमीन’ असा करून ठेवावा, म्हणजे तपासणीचा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. तरीही माती तपासणारा एखादा हट्टी माणूस आलाच, तर त्याला आदराने धावपट्टीच्या बरोबर मध्यभागी न्यावे आणि नमुना तिथलाच घ्यायला लावावा. तिथून विमाने फक्त धावत गेली आहेत.