आठ बाय चारचं रेल्वे खातं

टेन्शन घालवायला सगळा देश गोव्यात येतो. विमानातून उतरतो, अर्धी चड्डी चढवतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा रक्तदाब जागेवर. पंचाईत आमची आहे. आम्ही इथंच राहतो, फोंड्याला. अर्धी चड्डी घालून मिरामारला वाऱ्याला गेलो, तरी ऑफिसातला कुणीतरी भेळ खात उभा असतो आणि लांबूनच विचारतो, "ते बिल पास झालं का हो?"

मार्च महिन्यात अकाउंट्समधल्या माणसाचं जे होतं ते माझं बारा महिने व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळीसोबत छंद लिहून दिला. कुठला ते लिहिलं नाही. गरी टाकून नदीकाठी बसायचं मनात आलं होतं, पण आमच्याकडे मासळी हा गंभीर विषय आहे. रिकाम्या हातानं परतणं परवडणारं नव्हतं. नाटकात काम करावं, तर फोंड्यात घरटी एक नट आणि दोन दिग्दर्शक आधीच आहेत. मग आठवलं पुण्यातलं कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. तिथं सिग्नल लाल झाला की गाडी थांबते, हिरवा झाला की निघते, आणि कुणी कुणाला मेमो देत नाही. म्हटलं, ठरलं. मॉडेल रेल्वे.

"म्हणजे खेळण्यातली आगगाडी ना?" असं हिनं विचारलं. या छंदातल्या माणसाला खेळणं म्हटलेलं चालत नाही. मी "मॉडेल" असं सुधारलं. त्यावर ही म्हणाली, "बरं, मॉडेल. पण मागची खोली पाहुण्यांची आहे. आठ बाय चारचा प्लाय टाकल्यावर पाहुणे झोपणार कुठं?"

"प्लॅटफॉर्मवर," मी म्हणालो. हसणं माझं एकट्याचंच ऐकू आलं.

सगळ्यात जास्त चालणारं स्केल एचओ. म्हणजे सगळं खऱ्याच्या 87 पट लहान. ऐकायला सोपं आहे. मी पेशानं आकडेमोड करणारा, त्यामुळे रूळ यायच्या आधीच भागाकार करायला बसलो. गोव्यात रेल्वे करायची तर दूधसागर हवाच. दूधसागर 310 मीटर. भागिले 87, उत्तर साडेतीन मीटरच्या वर. आमच्या खोलीचं छत तीन मीटरवर. म्हणजे धबधब्याचा उगम वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात. तसं त्यांच्या मोरीचं पाणी आमच्याकडे झिरपतंच, पण ते मूळ आकारात.

मग गाडी. एलएचबी म्हणजे हल्लीच्या नव्या बनावटीचा डबा साडेतेवीस मीटरचा, तो माझ्याकडे 27 सेंटिमीटर. वीस डब्यांची मांडवी एक्सप्रेस करायची तर नुसते डबेच पाच मीटर चाळीस. आठ बाय चारच्या प्लायवर लंबगोल रूळ बसतो साधारण पावणेसहा मीटरचा. पुढं इंजिन जोडलं की ते स्वतःच्याच शेवटच्या डब्याच्या पाठीला लागणार. शेवटी तीन डब्यांवर तडजोड झाली. मांडवी एक्सप्रेसमध्ये जेवण चांगलं मिळतं असा लौकिक आहे, म्हणून त्यातला एक पॅन्ट्री कार. माणसं बसायला उरले दोन.

इथपर्यंत सगळं माझं मला चाललं होतं. मग मामा आले.

मामा वास्कोच्या लाइनीवर गार्ड होते. 2022 पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मामांसमोर म्हणू नये. मीटरगेजवर नोकरीला लागले, ब्रॉडगेजवर निवृत्त झाले, आणि मधल्या काळात त्यांनी खनिजाच्या किती वाघिणी मुरगाव बंदराला पोचवल्या असतील याचा हिशेब नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिशातून पट्टी काढली आणि दोन रुळांमधलं अंतर मोजलं. साडेसोळा मिलिमीटर.

"कितें रे हें?" मामा म्हणाले. "ब्रॉडगेज 1676. तुझ्या 87 नं भागलं तर सव्वाएकोणीस यायला पाहिजे. मीटरगेज म्हणशील तर साडेअकरा. हे साडेसोळा कुणाचं?"

ते 1435 मिलिमीटरचं, युरोप-अमेरिकेचं. बाजारात मिळतो तो रूळ तोच, आणि भारतीय गाड्या करणारे बहुतेक जण तोच मुकाट्यानं चालवून घेतात. मी मुकाट्यानं सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे कुळ्याहून गाडी सुटली की थेट शिकागो." इंजिनही त्यांना अमेरिकेचं वाटलं. तिथं मात्र मी सोडलं नाही: "मामा, तुम्ही ब्रॉडगेजवर ज्याच्या मागं बसलात ते डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिन मुळात अमेरिकेच्याच आल्को कंपनीचं." मामांनी चहा मागवला.

चहा घेऊन ते घाटाकडे वळले. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट. चढ 37 ला एक, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. माझ्या प्लायवर एक रूळ दुसऱ्याच्या डोक्यावरून न्यायचा होता. खालून गाडी जायला साडेसात सेंटिमीटर उंची लागते. ती 37 ला एकनं गाठायची तर पावणेतीन मीटर लांबी पाहिजे, आणि प्लाय दोन मीटर चव्वेचाळीस. चढ वळणावर न्यावा लागला. वळणावर डबे रुळाला घासतात, घासले की गाडी जड होते, आणि इंजिन एका जागी उभं राहून चाकं फिरवत बसतं. मी थोडा चढ कमी करू का म्हटलं, तर मामांच्या चेहऱ्यावर कुणीतरी सिग्नल तोडल्यासारखा भाव. "मागून इंजिन लाव. कुळ्याला लावतात."

दुसऱ्या इंजिनाची किंमत ऐकून हिनं शांतपणे आमच्या फ्रिजकडे बघितलं, जो रात्री गाडीपेक्षा जास्त आवाज करतो. इंजिन आलं, पण फ्रिजनंतर. त्यात दोन इंजिनांचा वेग कधी एक नसतो. मागचं अंगात आल्यागत ढकलतं, पुढचं रमतगमत जातं, आणि मधले तीन डबे चेपून रुळाबाहेर.

डबा रुळावर परत चढवणं हे शांतीचं काम आहे असं हौशी लोक सांगतात. एका डब्याखाली दोन बोगी, म्हणजे चार-चार चाकांचे दोन गाडे, एकूण आठ चाकं, सगळी शर्टाच्या गुंडीएवढी. श्वास रोखून पहिली चार बसवायची. दुसरी चार बसवायला डबा तिरका केला की पहिली चार उतरतात. चष्मा काढला तर रूळ दिसत नाही, घातला तर बोगी दिसत नाही. अशा वेळी मागून आवाज येतो, "अहो, गॅसचा नंबर लावलात का?" आणि आठही चाकं एकदम उतरतात.

जून लागला. फोंड्याचा पाऊस माणसाच्या चपलेवर बुरशी आणतो, तो माझ्या रुळांना काय सोडणार? मॉडेलमध्ये वीज रुळातून चाकांत आणि चाकांतून मोटारीत जाते. रुळावर काळपट साय धरली की वीज तुटते आणि गाडी उचक्या देत चालते. उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून रूळ पुसणं. हे शेजाऱ्यांना कळलं. ते लगेच काजूच्या फेणीची बाटली घेऊन हजर. मी सांगितलं की फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, रुळाला चालत नाही. "रुळाला नको तर नको," ते म्हणाले आणि बसले. त्या रात्री गाड्या उशिरानं धावल्या.

खडीचीही कथा आहे. रुळाखाली बारीक खडी पसरून त्यावर पाणी घातलेला फेविकॉल थेंबाथेंबानं सोडतात. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातला की तो आत मुरतो. विकतची खडी महाग, म्हणून मी लाल चिऱ्याचा चुरा चाळून घेतला. घालण्याआधी चुंबक फिरवून बघायचं असतं, कारण लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटारीत शिरतात. मुलीनं चुंबक फिरवलं, आणि त्याला दाढी आली. "बाबा, पोर्टवर पाठवूया का?" ती म्हणाली.

बोगदा वर्तमानपत्र आणि प्लास्टरचा. तो वरून झिरपणाऱ्या पाण्यानं मऊ पडून गाडीवर बसला. वाईट वाटलं, पण परंपरा मोठी आहे. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा मऊ मातीत असाच पुन्हापुन्हा ढासळला होता. सगळा मार्ग खुला व्हायला 1998 चा जानेवारी उजाडला, आणि 2024 च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी येऊन गाड्या अडकल्या. मी माझ्या बोगद्याला पेडणे नाव देऊन टाकलं. तेव्हापासून तो गळला तरी कुणी मला बोलत नाही.

आणि मग चवथ. मूळ घरी सगळं गोत जमतं. चुलतभावांनी परस्पर ठरवलं की यंदा गणपतीपुढं देखावा कोकण रेल्वेचा. प्लाय टेम्पोतून गेला. वर माटोळी बांधलेली: सुपारीचे घोस, नारळ, तोरिंगं, आणि एक चिबूड, बरोबर मडगाव स्टेशनच्या डोक्यावर. माझा सगळा जीव त्या चिबडाच्या दोरीत. चिबडानं काही केलं नाही. केलं घुमटांनी, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या घटाच्या वाद्यांनी. आरती सुरू झाली, चारपाच घुमटं एकदम कडाडली, शामेळ घुसला, जमीन थरथरली, आणि "जय देव जय देव"च्या पहिल्याच ठोक्याला मांडवी एक्सप्रेस कुळ्याच्या दरीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो देखाव्याचाच भाग वाटला, आणि पुढच्या प्रत्येक आरतीला त्यांनी अपघाताची फर्माईश केली. मामांनी मात्र प्रसाद हातात घेऊन चौकशी लावली. ड्रायव्हर कोण होता, वेग काय होता, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट कुठं आहे? माझा जबाब घेतला. ऑफिसची आठवण त्या पाच दिवसांत एकदाही आली नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं. कारण सांगितलं नाही.

सध्या दुपदरीकरणाचा प्रस्ताव आहे. एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर येतात, म्हणून दुसरा रूळ खोलीतून गॅलरीत न्यायचा. वाटेत हिच्या अबोलीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्या आहेत. ही म्हणाली, भूसंपादन होणार नाही. मुलगी तिच्या बाजूनं उभी राहिली आणि मोलेच्या जंगलातल्या दुपदरीकरणाची मंजुरी सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये रद्द केली होती याची मला आठवण करून दिली. मी कुंड्या दुसरीकडे हलवून देतो म्हटलं, तर पुनर्वसनाचा लेखी आराखडा मागितलाय. रविवारी जनसुनावणी आहे. रेल्वेची बाजू मामा मांडणार आहेत, त्यामुळे मी आत्ताच कुंड्यांच्या बाजूनं मत द्यायचं ठरवलंय.