एमएसचे औषध संगणक ठरवत नाही : खुलासा

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू व मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णांमध्ये सध्या असा संदेश फिरतो आहे की, एमआरआय संगणकप्रणालीत टाकला की कोणते औषध घ्यायचे ते तीच ठरवते आणि नवा डाग (आजाराने झालेल्या इजेची खूण) दिसला नाही तर चालू औषध थांबवले तरी चालते. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

जुन्या-नव्या एमआरआयची तुलना करून डागांचे आकारमान मोजणाऱ्या प्रणाली काही न्यूरोलॉजिस्ट वापरतात हे खरे, आणि नजरेतून सुटू शकणारा लहानसा डाग त्यामुळे लक्षात येतो, हा त्यांचा मोठा उपयोग आहे. मात्र औषध निवडायला केवळ एमआरआय पुरत नाही. उदाहरणार्थ, नटालिझुमॅब हे एमएसचे औषध सुरू करण्यापूर्वी रक्तात जेसी विषाणूची प्रतिपिंडे आहेत का हे पाहावे लागते, कारण ती असल्यास पीएमएल या मेंदूच्या गंभीर संसर्गाचा धोका वाढतो. शिवाय गर्भधारणेचा विचार, आधीची औषधे, चालण्यात पडलेला फरक हे सारे रुग्णाला तपासून आणि त्याच्याशी बोलूनच कळते.

दुसरे विधान अधिक घातक आहे. उपचार चालू असताना नवा डाग न दिसणे, हे बहुधा औषध लागू पडत असल्याचे लक्षण असते. फिंगोलिमोड हे एमएसचे औषध बंद केल्यावर काही रुग्णांचे अपंगत्व तीव्रतेने वाढल्याचा इशारा अमेरिकेची औषध नियामक संस्था असलेल्या एफडीएने २०१८ मध्येच दिला होता. औषध परवडत नसले, तरी ते थांबवण्याआधी आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.