चौथीतली चाळणी

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल मागेपुढे लागले की महाराष्ट्रात दरवर्षी एकच मागणी कानावर येते. सगळ्या प्रवेश परीक्षा बंद करा, बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या, आणि विश्वास बसत नसेल तर जर्मनीकडे बघा. तिथे नीट नाही, सीईटी नाही, फीसुद्धा नाही. २०२४ मध्ये नीटचा जो विचका झाला त्यानंतर हा सूर आणखी चढला. पेपरफुटीवरचा राग शंभर टक्के रास्त आहे. पण जर्मनीचा हा दाखला म्युनिकमध्ये बसून वाचताना डोकं सणकतं, कारण दाखला देणारे प्रवेशाच्या दारापासून गोष्ट सुरू करतात आणि त्याआधीची आठ वर्षं गाळतात.

बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, निवड चौथीत होते. मेच्या सुरुवातीला मुलाच्या हातात युबरट्रिट्सझॉयग्निस, म्हणजे पुढची शाळा ठरवणारं प्रगतिपत्रक, पडतं. जर्मन, गणित आणि हाइमाट-उंड-झाखउंटररिश्ट (परिसर अभ्यास) या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली), त्यापलीकडे मिटेलशूल (व्यवसायशिक्षणाकडे नेणारी). इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट. मूल तेव्हा दहा वर्षांचं असतं. घरी जर्मन न बोलणाऱ्या मुलाची पहिली अडचण जर्मनच्या निबंधात असते, आणि तोच गुण सरासरीत तिसरा हिस्सा धरून बसतो. सगळीकडे इतकं कडक नाही. नॉर्डराइन-वेस्टफालन या दुसऱ्या राज्यात अखेरचा शब्द पालकांचा. फोस-बोस या व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळांच्या वाटेने मिटेलशूलचं मूलही पुढे विद्यापीठात पोचू शकतं, हे मान्य. पण अठराव्या वर्षी प्रवेश परीक्षा लागत नाही याचं मोठं कारण असं की गाळणी आठ वर्षं आधी उरकलेली असते. लातूरच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या मुलीला गणिताची गोडी नववीत लागली, तर आपल्याकडे तिच्यासाठी दार उघडं असतं.

आता आबिटूर, म्हणजे गिम्नाझियमच्या शेवटी मिळणारं, विद्यापीठाचं दार उघडणारं प्रमाणपत्र. ते एका परीक्षेचे गुण नव्हेत. एकूण ९०० गुण. त्यातले ६०० शेवटच्या दोन वर्षांच्या चार सत्रांतून येतात आणि ३०० अंतिम परीक्षेतून. म्हणजे दोन तृतीयांश गुण वर्गात, त्याच शिक्षकांकडून, लेखी चाचण्या आणि तोंडी कामावर. किमान ३०० मिळाले तर पास, ८२३ पासून पुढे १.०, म्हणजे सर्वोत्तम श्रेणी. ही पद्धत उभी आहे ती शिक्षक वर्गात असतो आणि विद्यार्थीही असतो या साध्या गोष्टीवर. आपल्या बारावीला भौतिकशास्त्राचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. ते ३० कसे वाटले जातात हे ज्याने जर्नल पूर्ण केलं आहे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये मूल, अशी व्यवस्था चालू असताना शाळेच्या गुणांवर प्रवेश म्हणजे नेमक्या कोणत्या शाळेच्या गुणांवर?

शिवाय हा प्रयोग राज्याने करून पाहिला आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीला जेईई मेनचे निम्मे आणि बारावीचे निम्मे गुण धरले होते. लगेच प्रश्न उभा राहिला की राज्य मंडळाचे ८० टक्के आणि सीबीएसईचे ८० टक्के एका तराजूत कसे घालायचे. २०१६ ला राज्य पुन्हा आपल्या सीईटीवर आलं. ज्यांना जर्मनी आवडते त्यांनी १९ डिसेंबर २०१७ चा इथल्या घटनात्मक न्यायालयाचा निकाल जरूर बघावा. वैद्यकीय प्रवेशात वेगवेगळ्या राज्यांचे आबिटूरचे गुण पुरेसे तुलनीय नाहीत, आणि गुणांखेरीज दुसरा निकषही हवा, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर २०२० पासून वाटणी बदलली: ३० टक्के जागा आबिटूरच्या सर्वोत्तम गुणांवर, १० टक्के गुण वगळून इतर योग्यतेवर, ६० टक्के विद्यापीठांच्या निकषांवर. या शेवटच्या दोन वाटण्यांत टीएमएस नावाची वैद्यकीय अभियोग्यता चाचणी मोठं काम करते. वैद्यकीयची रांग लांबली तेव्हा जर्मनीही परीक्षेकडेच वळली.

आणि आपल्या मुलांसाठी तर परीक्षा आहेच. बारावी झालेल्या भारतीय विद्यार्थ्याला इथे थेट प्रवेश मिळत नाही, मग गुण ९५ टक्के का असेनात. तीन वाटा आहेत. पहिली, बारावीनंतर भारतात मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वी करायचं आणि मग त्याच शाखेत अर्ज करायचा. इथे बॅकलॉग राहिला की वर्ष ‘यशस्वी’ धरत नाहीत आणि सगळं अडतं. दुसरी, श्टुडिएनकोलेग, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं पूर्वतयारीचं वर्ष: दोन सत्रं, अभियांत्रिकीसाठी टी-कोर्स, वैद्यकीयसाठी एम-कोर्स, शेवटी फेस्टश्टेलुंग्सप्रुफुंग ही पात्रता परीक्षा. त्यात शिरायलाच बहुतेक ठिकाणी जर्मन आणि गणिताची परीक्षा द्यावी लागते. जर्मनची बी-१ ही मधली पातळी कशीबशी काढून आलेली मुलं इथे अडकतात, गणितात नव्हे तर गणिताच्या जर्मन प्रश्नात. तिसरी वाट जेईई अ‍ॅडव्हान्स्ड: ती उत्तीर्ण असाल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना थेट पात्रता. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर जर्मनी पुरेसा विश्वास टाकत नाही. आपल्या एका प्रवेश परीक्षेवर टाकते. परीक्षा बंद करा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

इथे अर्ज करणाऱ्यांसाठी कागदांचा क्रमही सांगतो, कारण त्याबद्दल सर्रास चुकीचं छापून येतं. आधी एपीएस, म्हणजे भारतातली कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी ते बंधनकारक आहे, शुल्क १८,००० रुपये, आणि ते हातात यायला वेळ लागतो. विद्यापीठ निवडण्याआधीच त्याचा अर्ज टाका. मग बहुतेक ठिकाणी उनी-असिस्ट ही विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था, पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची नेहमीची अखेरची तारीख १५ जुलै, पण व्हीपीडी (उनी-असिस्टने आधी तपासून दिलेला कागद) मागणाऱ्या विद्यापीठांसाठी त्याआधी कित्येक आठवडे कागद पोचायला हवेत. भारतीय गुण जर्मन श्रेणीत ‘बायरिश’ (बायर्नच्या) सूत्राने बदलतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा, त्याला कमाल वजा उत्तीर्णतेने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. उत्तीर्णता ३५ धरली तर ८५ टक्क्यांचे १.६९ होतात. गडबड सीजीपीएत होते. दहापैकी ८ असताना उत्तीर्णता ४ असेल तर २.०, ५ असेल तर २.२. गुणपत्रिकेच्या मागे उत्तीर्णतेचा आकडा छापलेला नसेल तर विद्यापीठाकडून सहीशिक्क्याचं पत्र आणा. या दोन दशांशांवर न्युमेरुस क्लाउझुसची, म्हणजे मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमातली, जागा जाते. ‘फुकट’ शिक्षणाआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, आणि २०२४ च्या हिवाळी सत्रापासून इथल्या टीयूएमनेही (म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ) युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे.

आपल्याकडे एक गोष्ट जर्मनीहून सरस आहे, आणि तिचं कौतुक कोणी करत नाही: दहावीनंतर डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कामगाराचं मूल पॉलिटेक्निकमधून वर्ष न गमावता पदवीला पोचतं. कॅपच्या याद्या, पर्यायांचा फॉर्म, नॉन-क्रीमीलेयरसाठी तहसीलच्या फेऱ्या, जातपडताळणीची पावती, हे सगळं त्रासाचं आहे, पण कोणालाही स्वतःचा क्रमांक आणि कटऑफ उघड दिसतो. इथून ते आठवलं की घर आठवतं, हेही खरं. मुलांना इथल्या चौथीच्या हवाली करून तिकडच्या सीईटीची बाजू लढवणाऱ्याला ‘तुला काय त्याचं’ असं कोणी विचारलं, तर उत्तर एवढंच की त्या यादीत नाव शोधणाऱ्यांतला मी एक होतो आणि अजून स्वतःला तिथलाच समजतो. जर्मन पासपोर्टने त्यात काही बदललं नाही.

बारावीला वजन द्यायचंच असेल तर मागणी अशी करा: प्रात्यक्षिकाला दुसऱ्या जिल्ह्यातला परीक्षक, अकरावीचे गुणही धरलेले, ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांच्या हजेरीची अचानक तपासणी, आणि मंडळामंडळांतले गुण जुळवण्याचं सूत्र निकालाआधी जाहीर. हे चार-पाच वर्षं नीट चाललं की मग सीईटीचं वजन कमी करायची चर्चा करा. तोवर सीईटीला हात लावू नका.