पहिली पसंती आणि बांधील अर्ज

माझ्या मोठ्या भावाची मुलगी 2025 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो त्यातून, जात होती. त्यानंतर तीन-चार महिन्यांतच माझी मुलगी इथे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात त्याच शिक्षणासाठी अर्ज भरायला बसली. त्या वर्षी कॅपचा नियम कडक झाला होता. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतेही महाविद्यालय मिळाले, तर ती जागा आपोआप गोठवली जाई आणि पुढच्या फेरीत सुधारणेची संधी उरत नसे. दादा फोनवर संतापून म्हणाला होता, "पोरीला अजून अठरा पूर्ण नाहीत आणि पहिल्याच यादीत तिला बांधून टाकतात. तुमच्याकडे असं काही नसेल."

त्याला मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही. आमच्याकडे हे असते, आणि माझ्या मते महाराष्ट्रापेक्षा अधिक कठोर रूपात असते.

इथे लवकर अर्ज करण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. 'अर्ली ॲक्शन'मध्ये साधारण 1 नोव्हेंबरपर्यंत अर्ज केला की उत्तर लवकर मिळते, पण विद्यार्थी कशालाही बांधील नसतो. त्याला 1 मेपर्यंत विचार करता येतो. एमआयटी आणि पर्ड्यू ही विद्यापीठे या वाटेने अर्ज घेतात. 'अर्ली डिसिजन' मात्र बांधील असते. असा अर्ज एकाच विद्यापीठाला करता येतो, त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेतील समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात, आणि डिसेंबरच्या मध्याला होकार आला की इतर सर्व अर्ज मागे घेऊन तिथेच जावे लागते. कॉर्नेल आणि कार्नेगी मेलन या अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या विद्यापीठांत ही पद्धत आहे. ज्याने आधीच शब्द दिला आहे त्याला घेणे विद्यापीठाला सोयीचे असल्यामुळे बहुतेक ठिकाणी या वाटेने प्रवेशाचे प्रमाण जास्त दिसते, आणि म्हणून पालकांच्या बैठकांत सप्टेंबरपासून दुसरा विषय नसतो.

आता दादाच्या तक्रारीकडे वळतो. कॅपमध्ये पहिली पसंती लिहिताना त्याच्या मुलीला त्या महाविद्यालयाचे शुल्क माहीत होते, कारण खासगी महाविद्यालयांचे शुल्कसुद्धा शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते जाहीर असते. त्यातून राज्य सरकारने 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आरक्षित आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले. तिला बांधले गेले हे खरे, पण कशाला बांधले गेले हे तिला कळत होते. इथे अनेक नामांकित खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च 80,000 डॉलरच्या वर गेला आहे, आणि त्यातला किती भाग आपल्याला भरावा लागेल हे बांधील अर्जावर सही करताना निश्चित कळत नाही. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र असते, कायद्यानेच 2011 पासून ते ठेवावे लागते, पण हा अंदाज आणि विद्यापीठाकडून नंतर येणारे आर्थिक मदतीचे पत्र यांत फरक आहे. मदत पुरेशी मिळाली नाही तर करारातून सुटता येते, हे सगळे सांगतात. मात्र अशी सुटका मागणारे कुटुंब तोपर्यंत इतर विद्यापीठांच्या मदतीशी तुलना करण्याची संधी गमावून बसलेले असते. ज्यांना तुलनेची गरजच नाही, त्यांच्यासाठी ही वाट मोकळी आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी 2006 मध्ये आपापल्या लवकर प्रवेशाच्या योजना नेमक्या याच कारणासाठी, म्हणजे त्यांचा लाभ सुस्थितीतल्यांना अधिक होतो म्हणून, बंद करण्याचा निर्णय घेतला होता. पुढे 2011 मध्ये दोघांनीही लवकर प्रवेश पुन्हा सुरू केला, पण बांधील नसलेल्या रूपात.

आम्ही घरी तीन संध्याकाळी या एकाच प्रश्नावर बोललो. मुलीला एक खासगी विद्यापीठ मनापासून हवे होते. गणकयंत्राचा आकडा आमच्या मिळकतीच्या मानाने कडेलोटाचा होता. शेवटी तिने बांधील अर्ज केला नाही आणि चार ठिकाणी अर्ली ॲक्शनचे अर्ज केले. हा निर्णय तिने घेतला असे मी म्हणू शकतो, पण तो आमच्या पैशाने घेतला, ही टोचणी मला अजून आहे.

अभियांत्रिकीत आणखी एक गाठ असते, ती शाखेची. इलिनॉय विद्यापीठात अर्जातच शाखा लिहावी लागते आणि संगणकशास्त्र तेव्हा हुकले तर नंतर आतून तिकडे वळण्याची वाट बंद असते. पर्ड्यूमध्ये मात्र पहिले वर्ष सर्वांना समान असते आणि शाखा त्यानंतर ठरते. महाराष्ट्रात महाविद्यालय आणि शाखा मिळून एक पर्याय होतो, आणि पसंतीक्रम लिहिताना मुले मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने संगणक, माहिती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स असे लिहीत जातात. माझ्या पुतणीला यंत्र अभियांत्रिकी आवडते. तिने तरीही संगणक वर लिहिले, कारण पर्सेंटाइल वाया जाऊ नये असे घरातल्या सर्वांचे मत पडले. ज्या राज्यात जागा गोठवायची आहे, तिथे पहिल्या वर्षाची समान रचना अधिक न्याय्य ठरेल असे मला वाटते.

कुटुंबाच्या गटावर आणखी एक मत वारंवार येते: अमेरिकेत मुलाचा सर्वांगीण विचार होतो, आपल्याकडे एका परीक्षेवर आयुष्य टांगतात. हे मत मांडणाऱ्यांनी इथला अर्ज एकदा स्वतः भरून पाहावा. साडेसहाशे शब्दांचा मुख्य निबंध, प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे छोटे निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, उन्हाळ्यात केलेले प्रकल्प, आणि हे सारे 1 नोव्हेंबरपर्यंत. त्यासाठी मुलाला दहावीतच कोणीतरी सांगितलेले असावे लागते. एमआयटीने महासाथीत थांबवलेली सॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा मार्च 2022 मध्ये पुन्हा सक्तीची केली, तेव्हा दिलेल्या कारणांत एक असेही होते की सुविधा नसलेल्या शाळांतील हुशार मुले परीक्षेच्या गुणांमुळे ओळखता येतात. उलट महाराष्ट्रात सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, घेणारा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीचे, प्रत्येक महाविद्यालयाचे, प्रवर्गनिहाय कट-ऑफ जाहीर करतो. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला आपण कुठे उभे आहोत हे मोबाइलवर पाहता येते. माझ्या मुलीला नकार आला तेव्हा तो का आला, हे तिला कधीच कळणार नाही.

तरीही एक गोष्ट महाराष्ट्राने इथून घ्यावी असे मला मनापासून वाटते, आणि ती म्हणजे वेळ. इथे अर्जाचे नियम आदल्या ऑगस्टला ठरलेले असतात, आणि पहिली उत्तरे वर्ग भरण्याच्या आठ महिने आधी हाती येतात. आपल्याकडे 2014 आणि 2015 मध्ये राज्याचे प्रवेश जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर झाले, 2016 मध्ये पुन्हा सीईटी आली, 2025 मध्ये फेऱ्या तीनाच्या चार झाल्या, 2026 पासून सीईटी दोनदा घेण्याचे जाहीर झाले. यांतले प्रत्येक पाऊल आपापल्या जागी योग्यही असेल, पण अकरावीत शिरणाऱ्या मुलाला बारावीनंतरचा नियम माहीत नसतो. जागा गोठवण्याचा नियम ठेवायचाच असेल, तर तो दोन वर्षे आधी जाहीर करावा आणि पहिल्या फेरीच्या आधी मुलांना एक सरावाची, कोणावरही बंधन न आणणारी यादी दाखवावी. तेवढे झाले असते तर दादाच्या मुलीने यंत्र अभियांत्रिकी वर लिहिली असती की नाही, हे तिने स्वतः ठरवले असते.