जठराचा सामू (pH) चढला, तर हायड्रोजेल फसते का? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आम्लात न विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या कित्येक दशके वापरात असताना हायड्रोजेलचा, म्हणजे औषध जठरातून सुखरूप नेऊन आतड्यात सोडणाऱ्या, पाण्याने फुगणाऱ्या बहुलकाच्या (पॉलिमरच्या) जाळ्याचा खटाटोप कशासाठी, हा आपला पहिला आक्षेप; आणि आम्लता कमी करणारी औषधे घेणाऱ्यांच्या जठरात जेल वेळेआधीच फुगेल, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही, दुसरा निम्मा मान्य आहे.

आवरण एकदा विरघळले की पुढे औषध किती वेगाने सुटते यावर त्याचा काहीच ताबा राहत नाही. जेलमध्ये मात्र औषध जाळ्यातच अडकलेले असते. पॉलिमेथाक्रिलिक आम्ल या बहुलकाच्या साखळ्यांवरील कार्बॉक्सिल (आम्लधर्मी) गट १ ते ३ सामूला, म्हणजे जठरातल्या तीव्र आम्लात, आपला हायड्रोजन सोडत नाहीत, म्हणून जाळे आवळलेले राहते. लहान आतड्यात सामू ६ च्या आसपास पोहोचला की त्या गटांवर ऋणभार येतो, साखळ्या एकमेकींना लोटू लागतात, भार फेडायला आत आलेल्या आयनांमागोमाग पाणी शिरते आणि जाळ्याची भोके रुंदावतात. ती किती रुंदावावीत हे साखळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या जोडबंधांच्या प्रमाणावर ठरवता येते. संशोधक निकोलस पेपास यांच्या गटाने इन्सुलिनसाठी याच साखळ्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल या दुसऱ्या बहुलकाच्या शाखा जोडल्या. आम्लात या शाखा हायड्रोजन बंधांनी जाळे आणखी घट्ट करतात. जठरात सहज नष्ट होणाऱ्या प्रथिनासाठी हे संरक्षण मोलाचे आहे.

आता दुसरा आक्षेप. ओमेप्राझोलसारख्या आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी जठराचा सामू बराच काळ ४ च्या वर राहू शकतो, जेवणानंतरही तो काही वेळ चढतोच. पण सामू ४ ला मेथाक्रिलिक जेल बहुतांशी आवळलेलेच असते. ॲक्रिलिक आम्लाचे जेल त्याच सामूला फुगायला लागलेले असते. म्हणजे बहुलक कोणता निवडला यावर बरेच अवलंबून आहे, आणि सामू ५ च्या पुढे गेला तर मात्र आपली शंका रास्त ठरते.

माझी स्वतःची शंका वेगळीच आहे. लहान आतड्याच्या शेवटी सामू सुमारे ७.४ असतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला तो पुन्हा ६ च्या जवळ उतरतो. त्यामुळे मोठ्या आतड्यात औषध सोडण्यासाठी केवळ सामूवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. तिथल्या जिवाणूंच्या विकरांनी तुटणारे ॲझो बंध (दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध) किंवा पेक्टिन (फळांतला तंतुमय पदार्थ) यांची जोड हवी. शिवाय प्रयोगशाळेत जेल दोन तास हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून मग ६.८ सामूच्या फॉस्फेट द्रावणात टाकतात. सामू स्थिर ठेवण्यात आतड्यातले बायकार्बोनेट त्याहून बरेच दुबळे असते, तिथे फुगणे रेंगाळते. म्हणून ६.८ ला फुगण्याचा झपाट्याने चढणारा आलेख दिसला, की द्रावण कोणते होते हे मी आधी पाहतो.