विचारल्याने कोणी जीव देत नाही

काल रात्री महूहून मामांचा फोन. "ग्रुपवर आलंय ते वाचलंस? मग तू मला विचारलंस, ते चुकलंच का गं?"

मामा निवृत्त सुभेदार. मावशीने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला होता: फौजी मनाने पोलादी असतो, जवान आत्महत्या करतात त्या युद्धाच्या धक्क्याने, मरायची भाषा करणारा मरत नाही, आणि माजी सैनिकाला असलं विचारू नका, नसलेला विचार डोक्यात शिरेल.

शेवटचं आधी घेते, कारण तेच जीवघेणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या आत्महत्या-प्रतिबंध अहवालात हा समज गैरसमजांमध्येच गणलाय. असे विचार येणाऱ्या बहुतेकांना बोलावं कुणाशी हेच कळत नसतं. उघड बोललं की दुसरी वाट दिसते, निदान फेरविचाराला वेळ मिळतो.

मामांना विचारूनच लिहितेय. मागच्या पावसाळ्यात त्यांनी रोजचं बूट-पॉलिश सोडलं. मग एक दिवस काळी ट्रंक उघडून मेडलं भाचरांना वाटायला काढली. मी सरळ विचारलं, "मामा, जीव नकोसा झालाय का?" बशीत ओतलेला चहा तसाच राहिला, वर साय धरली. मग म्हणाले, "कोणी विचारलंच नव्हतं." रात्री दोनपर्यंत बोलत होते. सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

मरायची भाषा करणारा? तोच अहवाल सांगतो, तो मदत मागत असू शकतो.

युद्धाचं म्हणाल, तर अमेरिकेच्या दीड लाखावर आजी-माजी सैनिकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येचा संबंध लढाईवर जाण्याशी दिसला नाही. नैराश्य आणि दारूच्या त्रासाशी दिसला.

पोलादीपणाचं अर्धं मान्य. पलटणीत असेपर्यंत फॉल-इन म्हणजे हजेरीची रांग, लंगरातलं एकत्र जेवण, सोबती माणसाला धरून ठेवतात. पण पेन्शनीच्या दिवशी ते सगळं एकदम सुटतं. साधा शिपाई तर चाळिशीच्या आसपासच घरी येतो, पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. मावशी, तो फॉरवर्ड आजच काढ आणि त्या जागी हा नंबर टाक. मामांना मी सांगितलंय, चुकलं नव्हतं. रविवारी येतेय, पुन्हा विचारणार आहे.