पान, पृथ्वी आणि दोन तळहात

नाशिकमधील पर्यावरणप्रेमी गटांत सध्या एक संदेश पुढे पाठवला जात आहे. संस्थेचे बोधचिन्ह हिरवेच असावे, त्यात पान, पृथ्वी आणि ती पेलणारे दोन तळहात असावेत, चित्र तपशीलवार असल्यास काम चटकन कळते आणि चिन्ह प्रसन्न असले की विश्वास आपोआप बसतो, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

हिरव्या रंगाचा आग्रह फार काळ टिकत नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचा पांडा काळा-पांढरा आहे, आणि एकाच शाईत छापून खर्च वाचावा हाही त्या निवडीमागचा एक विचार होता.

पान आणि पृथ्वी चुकीची नाहीत; अडचण अशी की ती कोणाचीही असू शकतात, अगदी रोपवाटिकेची किंवा साबणाचीसुद्धा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने चिन्हासाठी महाधनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी निवडला, कारण ‘विल्यम’ नावाचा महाधनेश त्यांच्याच वास्तूत अनेक वर्षे राहिला होता. नाशिककरांना तर शोधायला लांब जायला नको. ज्याच्या शास्त्रीय नावातच इथल्या अंजनेरी डोंगराचे नाव आहे असे कंदीलपुष्प हे रानफूल आपल्याकडे आहे, आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत महाराष्ट्रातून सर्वांत आधी गेलेल्या नांदूरमध्यमेश्वरला जांभळी पाणकोंबडी दिसते. त्र्यंबकेश्वर परिसरात काम करणाऱ्या गटाने अख्खी पृथ्वी का पेलावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

तपशिलाबाबतचा दावा सर्वांत महागात पडतो, आणि हे मी स्वानुभवाने लिहीत आहे. आमच्या गटाच्या पहिल्या चिन्हात तळहातांची दहा बोटे, पानाच्या शिरा आणि निळ्यातून हिरव्यात उतरणारी छटा होती. संगणकाच्या पडद्यावर ते देखणे दिसे. पावतीपुस्तकावरील रबरी शिक्क्यात मात्र बोटे एकमेकांत मिसळून शाईचा एक डाग उरे. गोदाघाटावर वाटायच्या कापडी पिशव्यांसाठी स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याने प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागेल असे सांगितले, आणि छटेसाठी पाडलेले बारीक ठिपके मांजरपाटाच्या जाड विणीत पसरून गेले. याउलट १९७० मध्ये गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने काढलेले पुनर्वापराचे तीन बाण डब्याच्या तळाशी नखाएवढे उमटले तरी ओळखू येतात. चिन्ह आधी शिक्क्याच्या मापात, एका रंगात काढून पाहावे, मग रंगांची चर्चा करावी, हा क्रम आम्ही पैसे घालवून शिकलो.

राहिला विश्वास. बीपी या तेलकंपनीने २००० मध्ये हिरव्या-पिवळ्या सूर्यफुलासारखे प्रसन्न चिन्ह घेतले. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातील तेलगळतीनंतर ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने तेच चिन्ह नव्याने काढण्याचे लोकांना आवाहन केले, आणि ते सूर्यफूलच थट्टेचा विषय झाले. आमच्याकडे देणगी देणारे चिन्हाविषयी क्वचितच विचारतात; गेल्या महिन्यात पाणवेली किती काढल्या आणि त्या नेऊन टाकल्या कुठे, हे मात्र हमखास विचारतात.